पावसाळ्यात फोर्कवर मोजे चढवू की ग्रीस फासू?

प्रश्न: मी फैजपूरकडचा. रोज सकाळी शेतरस्त्याने आणि रविवारी पालच्या बाजूला एमटीबी (डोंगरी सायकल) चालवतो. पुढे १२० मिमीचा एअर फोर्क, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं शॉकअप, आहे. पावसाळा लागला की वरच्या नळ्यांवर चिखल बसतो आणि आता हँडल दाबताना खरखर जाणवते. कुणी म्हणतं निओप्रिनचे मोजे चढव, कुणी म्हणतं नळ्यांना ग्रीस फास, गॅरेजवाला म्हणतो दर आठवड्याला वॉशिंग सेंटरवर नेऊन मार. नाल्यातून सायकल काढली तर फोर्कमध्ये पाणी जातं का? नेमकं काय करू?

उत्तर:

भाऊ, सगळ्यात आधी वॉशिंग सेंटर बंद करा, बाकीचं नंतर बोलू. पावसाळ्यात माझ्याकडे खोलायला येणाऱ्या फोर्कमध्ये पाणी निघतं, ते बहुतेक वेळा आभाळातलं नसतं, जेटच्या नळीतलं असतं. आणि नळ्यांवर जे ओरखडे दिसतात ते चिखलात चालवताना कमी पडतात. घरी आल्यावर वाळलेल्या चिखलासकट हँडल दाबून ‘शॉकअप चालतंय का’ बघताना जास्त पडतात. फोर्क जपायचा तो रस्त्यावर थोडा आणि घरी पोचल्यानंतरच्या अर्ध्या तासात जास्त.

फोर्क आतून कसा असतो हे एकदा समजून घ्या, म्हणजे कुणाचा सल्ला ऐकायचा आणि कुणाचा सोडून द्यायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल. वरच्या दोन चकचकीत नळ्या म्हणजे स्टँचियन. त्या खालच्या जाड पायांमध्ये, म्हणजे लोअरमध्ये, वरखाली सरकतात. चांगल्या फोर्कची स्टँचियन ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर ॲनोडायझिंगचा थर असतो. कठीण, पण अगदी पातळ. लोअर बहुधा मॅग्नेशियमचे. लोअरच्या तोंडाशी वायपर सील बसवलेलं असतं. त्याला दोन ओठ असतात: बाहेरचा माती पुसून टाकतो, आतला तेल आत धरून ठेवतो. सीलच्या खाली तेलात भिजलेली फोमची रिंग, तिच्या खाली बुश (नळी ज्यात सरकते ती कडी) आणि तळाशी थोडंसं तेल. थोडंसं म्हणजे खरोखर थोडं, बहुतेक मॉडेलमध्ये एका पायाला ५ ते २० मिली. मोटरसायकलच्या एका पायात शंभर मिलीच्या वर तेल असतं, तिथे धुळीचं सील वेगळं आणि तेलाचं वेगळं, आणि घर्षण जरा वाढलं तरी दोन माणसांच्या वजनापुढे ते कळतही नाही. सायकलचा फोर्क मात्र छोट्या खड्ड्यालाही हलला पाहिजे, म्हणून त्याचं सील मुद्दाम हलकं धरणारं केलेलं असतं. गॅरेजमधला कसबी माणूसही इथेच फसतो.

पापणी वाऱ्यातली धूळ डोळ्यात जाऊ देत नाही, पण समोरून कुणी पाइपाचा फवारा मारला तर तिचा काय पाड लागणार? सीलचं तसंच आहे. पाऊस, उडालेला चिखल, रस्त्यावरचं पाणी हे सगळं ते बाहेर ठेवतं. जेटचा फवारा ओठ उचलून बारीक मातीसकट आत शिरतो, फोमच्या रिंगमध्ये मुरतो, आणि मग तीच रिंग प्रत्येक दाबाला स्टँचियनवर तेलाऐवजी गाळ फिरवते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाच्या गाड्या जेटखाली उभ्या असतात, त्या रांगेत सायकलही उभी केली जाते. पूजा करा, हार घाला, पण ती धुवा घरी.

आता आपल्या मातीबद्दल, कारण पुण्या-मुंबईच्या रायडरचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि तापीकाठी जी खोल काळी माती आहे, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून तर उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. ओली असताना ती सीलभोवती गोल बसते. वाळली की तिचं कडं तयार होतं, नखानेसुद्धा सहज निघत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी चढायला लागलात किंवा धुळ्याकडे लळिंगच्या टेकड्यांवर गेलात की मुरूम लागतो. मुरूम चिकटत कमी, पण त्याचे कण खरखरीत आणि टोकदार. काळी माती सील तुंबवते, मुरूम नळी ओरबाडतो. तुम्ही आठवडाभर काळ्या मातीत आणि रविवारी मुरमात चालवता. म्हणजे आधी माती कण धरून ठेवायला तयार बसलेली, आणि मग तिच्यात रविवारी कण येऊन मिसळतात. तुमच्या खरखरीमागे हेच असावं असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिली गोष्ट साधी आहे. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. सायकलही घालू नये. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी शिवाररस्ता सोडा, डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्याने जा. ओल्या काळ्या मातीत पन्नास पावलं गेलात तरी टायर आणि फोर्कची कमान (दोन्ही लोअर जोडणारा वरचा पूल) यांच्यामध्ये एवढा गोळा साचतो की चाक फिरेनासं होतं. तो गोळा कमानीच्या आतला रंग घासून काढतो आणि सीलच्या वरच्या बाजूला मातीचा थर चढवत राहतो. अडकलातच तर उतरा, काडीने गोळा काढा, सायकल खांद्यावर घ्या. चाक ढकलत ढकलत नेऊ नका.

नाल्याच्या पाण्याला मात्र लोक उगाच घाबरतात. गुडघाभर पाण्यातून सायकल काढली तर सील पाण्याखाली जातच नाही. २७.५ किंवा २९ इंची चाकावर सील जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास असतं. बुडतं ते खालचं टोक: हबचे बेअरिंग, आणि लोअरच्या तळाशी असलेले दोन बोल्ट. या बोल्टखाली दबून बसणारे वॉशर असतात, त्यांना क्रश वॉशर म्हणतात. जुना दबलेला वॉशर पुन्हा वापरला किंवा बोल्ट ढिला राहिला, तर तेल तिथून गळतं आणि पाणी तिथूनच आत येतं. तळाच्या बोल्टभोवती तेलकट ओल दिसत असेल तर सुकी नदीच्या पात्रात उतरण्याआधी तो बोल्ट बघा. पात्राला ओढ असेल तर फोर्कचा विचारच सोडा, परत फिरा. आणि सायकल पाण्यात आडवी पडली, पूर्ण बुडाली, तर सर्व्हिसच्या तासांचा हिशोब न बघता त्याच आठवड्यात लोअर खोलून तेल बदला.

मोज्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. गेल्या शतकात, सीलं इतकी चांगली नव्हती तेव्हा, फोर्कवर ॲकॉर्डियनसारखे घडीचे रबरी भाते यायचे. सीलं सुधारली तशी कंपन्यांनी ते काढून टाकले. निओप्रिनचा मोजा मोठे शिंतोडे अडवतो हे खरं, पण बारीक माती आणि ओल त्याच्या आत जातेच आणि मग बाहेर पडत नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत मोजा आठ दिवस काढला नाही, तर आत ओल्या मातीची पट्टी सीलला चोवीस तास चिकटून राहते. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून कुणी बघतही नाही. प्रत्येक राइडनंतर काढून, धुऊन, वाळवून परत चढवणार असाल तर खुशाल वापरा. पण एवढी मेहनत करणाऱ्याला मुळात मोज्याची गरज पडत नाही.

ग्रीस फासणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं म्हणून स्टँचियनलाही लागेल असं नाही. उघड्यावरच्या ग्रीसला फुफाटा चिकटतो, आणि सील खाली उतरताना त्या मिश्रणाची पेस्ट नळीवर घासली जाते. चेनचं तेल, इंजिन ऑइलचा बोळा, हे सगळं त्याच जातीचं. डिझेल आणि रॉकेलने तर रबर फुगतं आणि आतलं तेल धुऊन निघतं. डब्ल्यूडी-४० गंज लागलेल्या नटासाठी चांगलं. सीलवर मारलं तर तेच, तेल विरघळतं. सीलला ग्रीस लागतं, पण ते फोर्क उघडल्यावर आतल्या बाजूने, बोटाने पातळ हात फिरवल्यासारखं, आणि तेही सस्पेन्शनसाठी बनवलेलं. स्लिक हनी किंवा एसरॅम बटर ही नावं दुकानात सांगितली की समजतात.

खर्च करायचाच असेल तर पुढचा छोटा मडगार्ड घ्या. कमानीला आणि दोन्ही लोअरना केबल टायने बांधायचा प्लास्टिकचा तुकडा असतो. टायरने उडवलेला चिखल स्टँचियनच्या मागच्या बाजूला आणि सीलवर येतो, तोच तो अडवतो. विकत नको असेल तर जाडसर प्लास्टिकच्या फाइलच्या पुठ्ठ्यातून कापता येतो. दोन गोष्टी सांभाळा. टाय जिथे बसणार तिथे लोअरवर आधी पारदर्शक टेप लावा, कारण टायखाली अडकलेली माती रंग खाते आणि मॅग्नेशियम उघडं पडलं की तिथे खराब व्हायला लागतं. आणि बांधल्यावर फोर्कची हवा पूर्ण सोडून हँडल तळापर्यंत दाबून बघा; मडगार्ड टायरला किंवा क्राउनला (दोन्ही नळ्या वर धरणाऱ्या आडव्या भागाला) लागता कामा नये. चिकट काळ्या मातीत मडगार्डमुळे टायरवरची जागा कमी होते आणि गोळा लवकर अडकतो, हे मात्र मान्य करायला हवं. म्हणून वाफशाचा नियम मडगार्ड लावल्यावरही सुटत नाही.

आता घरी आल्यावरचं काम. चिखल ओला असेल तोवर हात घाला. आधी हँडल दाबायचं नाही, पुढचा ब्रेक धरून सायकल हलवून बघायची नाही, नळ्या साफ होईपर्यंत फोर्क हलवायचाच नाही. चिखल वाळला असेल तर ओलं फडकं दोन्ही सीलभोवती गुंडाळा आणि दहा मिनिटं चहा घ्या. माती फुगून सैल होते, मग ती पुसावी लागते, खरवडावी लागत नाही.

धुवायला बादली, पाण्याचा मग आणि मऊ ब्रश पुरतो. शेतीवाल्या घरात आणखी एक सोय असते: पाठीवरचा फवारणी पंप. हाताने मारलेल्या पंपाचा दाब जेटच्या मानाने किरकोळ, पाण्याची धार बारीक आणि ताब्यात राहणारी. फक्त तो सायकलसाठीच ठेवलेला असावा. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप नुसता खंगाळून सायकलवर वापरू नका, आधी तुमच्याच हाताला आणि नाकाला त्रास. साबण भांड्यांचा पातळ किंवा गाडीचा शाम्पू. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा टाळा, ॲनोडायझिंगला अल्कली मानवत नाही. वरून खाली या. सीलच्या ओठाशी टूथब्रश आडवा फिरवा, आत खुपसू नका.

बऱ्याच फोर्कच्या एका नळीवर सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते, मोजायची छोटी रबरी रिंग असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि नेमकी तिच्याखालीच माती दडते. रिंग जिथे असते तिथे बारीक गोल ओरखडा पडलेल्या नळ्या मी अनेकदा बघतो. धुताना ती वर सरकवा, खालची जागा पुसा, रिंगच्या आतूनही फडकं फिरवा. त्रास वाटत असेल तर सॅग एकदा लावून झाल्यावर रिंग सरळ कापून टाका. फोर्कचं काही अडत नाही.

धुऊन झालं की कोरड्या सुती कापडाने नळ्या पुसा. बोअरचं पाणी नळीवर तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग राहतात. मग कापडावर सिलिकॉन स्प्रे किंवा सस्पेन्शनच्या तेलाचे चार थेंब घ्या. कापडावर, नळीवर थेट नाही. स्प्रेचा एक कण जरी डिस्कवर गेला तर ब्रेक गेलाच समजा. नळी पुसून घ्या आणि आता पहिल्यांदा हँडल सावकाश आठ-दहा वेळा दाबा. सीलच्या वर नळीवर काळपट कडी उमटेल. ती सीलने बाहेर टाकलेली घाण. पुसा, परत दाबा. कडी पारदर्शक तेलाची दिसू लागली की थांबा.

रात्रभर सायकल उलटी ठेवायची एक युक्ती आहे. तळाचं तेल सीलपर्यंत उतरतं आणि फोमची रिंग भिजते, सकाळी फोर्क मऊ चालतो. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सरळ केल्यावर लिव्हर दोन-चार वेळा दाबून बघा. आत हवा असेल तर लिव्हर ढिला लागतो. आतलं तेलच संपलं असेल तर सायकल कितीही उलटी ठेवा, काही भिजणार नाही.

आतलं तेल बदलणं, म्हणजे लोअर सर्व्हिस, हेच खरं संरक्षण आहे आणि तेच लोक टाळतात. रॉकशॉक्स लोअरसाठी ५० तास सांगते. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. रोज तासभर चालवणाऱ्याचे ५० तास दोन महिन्यांच्या आत भरतात. आपल्याकडे माझी शिफारस अशी: मृग लागायच्या आधी एकदा, म्हणजे उन्हाळ्याचा सगळा फुफाटा बाहेर निघतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा. तास जास्त भरत असतील तर श्रावणात मध्ये आणखी एक.

हे काम घरी होऊ शकतं. आधी हवेचा दाब लिहून ठेवा आणि हवा पूर्ण सोडा. हवा असताना तळाचा बोल्ट उघडणं धोक्याचं आहे. चाक काढा, रिबाउंडची (फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणारी) खुंटी काढा. तळाचे बोल्ट किंवा नट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका, आणि त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका म्हणजे आतला दांडा सुटेल. मग बोल्ट काढा, खाली पसरट भांडं धरा आणि लोअर सरळ ओढा. जे तेल पडेल ते फेकायच्या आधी नीट बघा. राखाडी असेल तर नेहमीची झीज. दुधाळ, पांढरट असेल तर पाणी गेलंय. त्यात चंदेरी चमक फिरत असेल तर बुश किंवा नळीचा धातू झिजतोय. लोअरच्या आतून काडीला गुंडाळलेलं, धागे न सुटणारं कापड फिरवा, स्वच्छ निघेपर्यंत. फोमच्या रिंगा बारीक हुकाने काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पिळून धुवा, वाळल्या की ताज्या तेलात बुडवा. रिंगमधून निघणारा काळा गाळ बघितलात की वॉशिंग सेंटरचं नाव परत काढणार नाही. सीलचे ओठ बोटाने चाचपून बघा. कडक, चिरलेले किंवा दुमडलेले असतील तर बदला. जोडताना ओठ उलटा दुमडणार नाही असं सावकाश ढकला, लोअर अर्धवट चढले की मेडिकलमधल्या १० मिलीच्या सिरिंजने खालच्या भोकातून तेल घाला. किती आणि कोणतं हे कंपनीच्या तक्त्यात मॉडेल आणि वर्षाप्रमाणे असतं, दोन्ही पायांचं प्रमाण वेगळं असू शकतं. ‘थोडं जास्त घालू’ हा उत्साह नको. क्रश वॉशर नवे टाका. आतला डँपर (फोर्कची हालचाल संथ ठेवणारा भाग) मात्र घरी उघडू नका.

साध्या, लोखंडी स्प्रिंगच्या फोर्कवाल्यांसाठी थोडक्यात: तुमच्या नळ्या बहुधा क्रोम चढवलेल्या लोखंडाच्या असतात, तिथे ओरखड्यापेक्षा गंज वाईट. धुतल्यावर तेलकट फडकं फिरवणं चुकवू नका. आत बहुतेक ग्रीसच असतं. वर्षातून एकदा खोलून ते बदलून घ्या. नळीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सील घालून उपयोग नाही, ते खड्डे त्यालाही फाडतील. अशा वेळी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो, अख्खा फोर्कच बदला.

आता तुमची खरखर. नळ्या धुऊन पुसल्यावर उजेडात धरून पूर्ण लांबीवर नख फिरवा, मागच्या बाजूनेही. नख कुठे अडकतंय का बघा. एखादी बारीक खाच असेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब भरून वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करतात. घरातून बाटली मागताना चौकशी होईल, पण उपाय चालतो. उभा, लांब ओरखडा असेल किंवा सोनेरी-काळा थर जाऊन पांढरा ॲल्युमिनियम दिसत असेल, तर नळीचा भागच बदलावा लागतो आणि तो महाग पडतो. नख कुठे अडकलं नाही तर मग पुढचा ब्रेक धरा, दुसऱ्या हाताची बोटं सील आणि नळी यांच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. बोटांना तिथे टकटक लागली तर बुश गेलेत. वर हेडसेटपाशी (हँडलखालच्या बेअरिंगपाशी) लागली तर फोर्क ठीक आहे, हेडसेट घट्ट करा. दोन्हीकडे काही नसेल तर तुमची खरखर कोरड्या फोमची आणि गाळ बसलेल्या सीलची आहे, लोअर सर्व्हिसने जाईल.

सील मागवताना ‘१२० चा फोर्क’ एवढं सांगून भागत नाही. ते ट्रॅव्हल झालं, म्हणजे फोर्क किती दबतो ते. सील नळीच्या जाडीवर ठरतं: ३०, ३२, ३४, ३५, ३६ किंवा ३८ मिमी. व्हर्नियर लावून मोजा. फॉक्स असेल तर लोअरच्या मागच्या बाजूला चार अक्षरी कोडचं स्टिकर असतं, रॉकशॉक्स असेल तर क्राउनच्या मागे किंवा खाली सीरियल नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा, आणि सीलसोबत फोम रिंग, दोन क्रश वॉशर आणि लोअरचं तेल एकदमच मागवा, नाहीतर एका वॉशरसाठी फोर्क आठ दिवस टेबलावर उघडा पडून राहतो.